‘महिनाभर आधी’ नव्हे हो, सात महिने आधी!

माननीय संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांना परदेशी नेण्याबद्दल जो लेख आलाय तो मी दोनदा वाचला, एकदा घाईघाईत आणि एकदा नीट चष्मा लावून. फोटो झकास होता, सुटकेसवर बसलेलं गोंडस कुत्रं, जीभ बाहेर, जणू आत्ताच बोर्डिंग पास मिळालाय. लेखात विमानात पाणी कसं ठेवायचं, आवडतं पांघरूण बरोबर कसं द्यायचं, नव्या घरात कसं रुळवायचं हे सगळं होतं, आणि कागदपत्रांबद्दल मोजून एक वाक्य होतं, की महिनाभर आधी जनावरांच्या डॉक्टरकडून हेल्थ सर्टिफिकेट घेऊन ठेवावं. बस्स. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय, कारण आमच्याही डोक्यात अगदी हेच होतं आणि त्यापायी आमचं अख्खं वर्ष इकडचं तिकडे झालं.

मी बँकेतून रिटायर झालेली बाई. ३६ वर्षं चेकवरची तारीख, सही आणि खातेनंबर बघण्यात गेली, त्यामुळे कागदाचं मला काही सांगू नका असा एक तोरा होता, तो एका कुत्र्याने उतरवला. मुलीला जर्मनीत नोकरी लागली, जानेवारीत पत्र आलं, १ एप्रिलला हजर व्हायचं होतं. घरात गुंड्या, वय ६ वर्षं, जात विचारू नका, दोन-तीन जातींचं काहीतरी मिळून झालंय, तिनेच पिल्लू असताना उचलून आणलेला. पत्र आल्यावर तिचं पहिलं वाक्य काय, तर गुंड्या येणार नसेल तर मी जात नाही. म्हटलं अगं जा, न्यायचं त्याला, त्यात काय एवढं, लस झालीय, कार्ड आहे, अजून काय पाहिजे.

आमचे नेहमीचे डॉक्टर भला माणूस, गुंड्यासाठी रात्री-अपरात्री फोन उचलणारे, त्यांना मी नावं ठेवत नाहीये. ते म्हणाले मायक्रोचिप लागते, बसवून टाकू, रेबीजची लस नोव्हेंबरमध्ये झालेलीच आहे, म्हणजे काम झालं. २० जानेवारीला चिप बसली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी असते, जाड सुईने दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सरकवतात, त्यात बॅटरी वगैरे काही नसतं, स्कॅनर जवळ नेला की १५ आकडी नंबर दाखवते, एवढंच तिचं काम. (तिच्यावरून कुत्रं कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं असं बऱ्याच लोकांना वाटतं, मलाही वाटायचं, तसं काही नसतं.) चिपसुद्धा कुठलीही चालत नाही, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ ह्या मापातली, १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाणारी हवी, नाहीतर समोरच्याच्या स्कॅनरला ती दिसतच नाही आणि मग आपला स्कॅनर आपण बरोबर घेऊन जायचा. आमची चिप बरोबर होती, तिथे काही चुकलं नव्हतं.

चुकलं ते ३ मार्चला कळलं. सगळी फाईल घेऊन आम्ही दोघी सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो, एक्सपोर्ट सर्टिफिकेट कधी मिळेल ते विचारायला. साहेब तरुण होते, घाईत होते पण उद्धट नव्हते. त्यांनी फाईलमधली बाकीची पानं उलटलीसुद्धा नाहीत. लसीचं कार्ड डाव्या हाताला ठेवलं, चिपचा दाखला उजव्या हाताला, आणि पेनाचं टोक आधी एका तारखेवर ठेवलं आणि मग दुसऱ्या. लस १२ नोव्हेंबर. चिप २० जानेवारी. म्हणाले, ‘मॅडम, लस आधी आणि चिप नंतर. ही लस धरता येणार नाही.’ मी म्हटलं अहो पण लस टोचलीय ना, कुत्रं तेच आहे, डॉक्टर तेच आहेत, कार्डावर शिक्का आहे. ते म्हणाले कुत्रं तेच आहे हे तुम्ही सांगताय, कागद सांगत नाहीये.

बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा खरं डोक्यात शिरलं, आणि लाज वाटली, कारण हेच मी लोकांना जन्मभर सांगत आले. स्लिपवर रक्कम आहे, तारीख आहे, सही आहे, पण खातेनंबरच नाही, तर ते पैसे कोणाच्या खात्यात टाकू मी? नोव्हेंबरच्या त्या कार्डावर ‘गुंड्या, तपकिरी, नर’ एवढंच लिहिलेलं, आणि अशी तपकिरी कुत्री गल्लीत डझनभर सापडतील. चिपचा नंबर म्हणजे खातेनंबर. तो आधी हवा, मग जे काही टोचलं, तपासलं, दिलं ते त्या नंबरावर जमा होतं. आधी चिप मग लस, एकाच दिवशी केलं तरी चालतं, पण चिप आधी. ‘आधी चिप मग लस’ हे चार शब्दांचं वाक्य ६ वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही.

मग पुन्हा शून्यापासून. ५ मार्चला नवीन रेबीजची लस. आता तुम्ही म्हणाल लस झाली, मग चला, २१ दिवस थांबायचं आणि निघायचं, तर ते काही ठराविक देशांतून निघणाऱ्यांना. आम्ही ज्या यादीत होतो तिथे रक्त तपासून दाखवावं लागतं, त्याला टायटर टेस्ट म्हणतात, म्हणजे लसीने अंगात रेबीजविरुद्ध पुरेशी ताकद आली का ते बघायचं, आणि ती दर मिलीलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट भरली पाहिजे. आता रक्त कधी काढायचं, तर लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी. तपासायचं कुठे, तर युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबमध्येच, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नाही. आणि रिपोर्ट चांगला आला तरी लगेच निघता येत नाही, रक्त काढल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नाही हं, रक्त काढल्याच्या, हे बरं आहे, कारण सॅम्पल कुरिअरने जाऊन रिपोर्ट यायलाच आम्हाला तीन आठवडे लागले. रक्त ६ एप्रिलला काढलं, म्हणजे ६ जुलैच्या आधी गुंड्या हलणार नाही हे त्याच दिवशी नक्की झालं. मुलीची जॉइनिंग १ एप्रिल. ती २८ मार्चला एकटी गेली, एअरपोर्टवर माझ्यापेक्षा कुत्र्याच्या गळ्यात पडून जास्त रडली.

तेव्हा मला ह्या नियमाचा फार राग आला होता, आता नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस काय आणि जनावर काय, जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा दोन-तीन महिने जातात, कधी आठवडाभरात दिसतात तर कधी वर्षही लागतं. म्हणजे आज धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या अंगात ते आधीच शिरलेलं असू शकतं आणि लस त्याच्या मागून धावत असते. म्हणून थांबवतात, की असलंच काही तर ते तुमच्याकडे असतानाच बाहेर पडेल. जगात वर्षाला साधारण ५९ हजार माणसं रेबीजने जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक कुत्रं चावून. ज्या देशांनी हा रोग हद्दपार केलाय ते दारात कडक असणारच. ब्रिटनमध्ये तर २००० सालापर्यंत बाहेरून आलेलं कुत्रं-मांजर सरळ सहा महिने क्वारंटाइनमध्ये टाकायचे, मालकाने जाळीतून भेटून यायचं. त्या मानाने हे आताचं चिप, लस, रक्त म्हणजे सूटच म्हणायची, थांबायचे ते दिवस आता आपल्या घरीच काढायचे, एवढाच फरक.

पण मग हे लोकांना आधी कळायला नको का? मुलगी गेल्यावर मला तीन महिने दुसरं काम नव्हतं, मी एकेका देशाचे नियम वाचत बसले, मुलगी म्हणायची आई तू आता एजन्सी काढ. जपानला न्यायचं तर चिपनंतर रेबीजच्या दोन लसी, दोघींत निदान ३० दिवसांचं अंतर, मग रक्त, आणि रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबायचं, शिवाय पोचण्याच्या ४० दिवस आधी त्यांना कळवायचं, आणि १८० दिवस भरायच्या आत पोचलात तर उरलेले दिवस कुत्रं त्यांच्या कोठडीत. बेरीज करा, चिपपासून सात महिने होतात. ऑस्ट्रेलियातही रक्ताच्या तपासणीनंतर १८० दिवसांचा हिशोब आहेच, वर आयात परवाना, वर मेलबर्नजवळ मिकलहॅमला सरकारी क्वारंटाइनमध्ये निदान १० दिवस. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले, ६ महिन्यांखालचं पिल्लू नेताच येत नाही, चिप हवी, ऑनलाइन फॉर्म भरून त्याची पावती हवी, आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशातून जात असाल तर अजून बरंच. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वे इथे कुत्र्याला जंताचं औषध द्यावं लागतं आणि तेही पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या मध्येच, तास मोजतात तिथे, दिवस नाही. ह्यातलं कुठलं महिनाभरात बसतं सांगा.

आणखी एक गोंधळ सगळ्यांचाच होतो, आमचाही झाला. ह्या कागदाला म्हणतात एक्सपोर्ट सर्टिफिकेट. आता निर्यात म्हटलं की डोळ्यासमोर कंटेनर येतो, गोण्या येतात, आमचा गुंड्या कसला निर्यात होतोय! पण नावच तसं असल्यामुळे वाटतं की इथलं ऑफिस परवानगी देणार की नाही एवढाच प्रश्न आहे. तसं नसतं. प्रश्नपत्रिका तिकडचा देश काढतो, इकडचा सरकारी डॉक्टर फक्त उत्तरं तपासून खाली सही करतो, आणि त्याची सही तिकडे चालते म्हणून ती लागते, आपल्या खासगी डॉक्टरची कितीही मोठी डिग्री असली तरी त्यांची एकट्याची चालत नाही. म्हणून इथल्या खिडकीवर भांडून काही होत नाही. माझ्यासमोर एक गृहस्थ टेबलावर हात आपटत होते की आमच्या मेव्हण्याला दुसऱ्या देशात जाताना हे काही लागलं नव्हतं. नसेल लागलं. दुसरा देश, दुसरा पेपर. आधी जिथे जायचंय तिथल्या सरकारी खात्याची वेबसाइट उघडायची, त्यांचा फॉर्म काढायचा, आणि मग तो हातात घेऊन इथल्या ऑफिसात जायचं, उलटं नाही.

ह्या काळात एक एजंटही भेटला. प्राणी परदेशी पाठवून देणारे असे लोक असतात आणि त्यातले बरेच कामसू असतात, क्रेट, बुकिंग, सामान सगळं बघतात, ज्यांना वेळ नाही त्यांनी जरूर करावं. पण ह्याने फोनवर मला काय सुचवावं, तर मॅडम चिपची तारीख जरा मागची टाकून घेऊ, नोव्हेंबरच्या आधीची, डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत, म्हणजे तुमची जुनी लस चालेल आणि महिनाभर वाचेल. मागची तारीख! हे बँकेतल्या बाईला! मी फोन ठेवला. पण प्रामाणिकपणे सांगते, ठेवल्यावर मिनिटभर वाटलं की टाकली असती तर काय बिघडलं असतं. बिघडलं असतं ते असं, की तिकडे उतरल्यावर कागद खोटा निघाला तर कुत्र्याला आल्या पावली परत पाठवतात, नाहीतर आपल्या खर्चाने कोंडून ठेवतात, आणि दोन्ही जमलं नाही तर शेवटचा उपाय म्हणून मारून टाकायचीसुद्धा नियमात सोय आहे. २०१५ मध्ये जॉनी डेप हा हॉलिवूडचा नट आपली दोन छोटी यॉर्कशायर टेरियर, पिस्टल आणि बू, प्रायव्हेट जेटने न सांगता ऑस्ट्रेलियात घेऊन गेला तेव्हा तिथल्या कृषिमंत्र्यांनी दोनेक दिवसांची मुदत दिली होती, कुत्री परत न्या नाहीतर त्यांना मारावं लागेल. ती गेली परत. पुढे २०१६ मध्ये त्याच्या तेव्हाच्या बायकोवर, अँबर हर्डवर, कोर्टात केस चालली, कुत्री आणल्याचे आरोप मागे घेतले गेले, पण प्रवेशाच्या फॉर्मवर खोटी माहिती लिहिल्याचा आरोप राहिला, आणि तो गुन्हा तिने कबूल केला. एवढ्या मोठ्या लोकांना सुटला नाही तो कागद आमच्या गुंड्याला सुटणार होता का.

तुमच्या लेखात ‘तुम्ही पुढे जाऊन प्राणी मागाहून मागवू शकता’ असंही होतं, त्याबद्दल. आम्हीही तेच ठरवलं होतं, मुलगी गेलीय, जुलैत मी गुंड्याला विमानात चढवून देईन. मग फॉर्ममध्ये वाचलं की घरचा पाळीव प्राणी म्हणून साध्या नियमांनी न्यायचं असेल तर मालकाचा प्रवास आणि प्राण्याचा प्रवास ह्यात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. दुसऱ्या माणसाबरोबर पाठवता येतं, त्याला लेखी अधिकारपत्र द्यायचं, पण पाच दिवसांची अट तिथेही आहेच. नाहीतर तो व्यापारी माल धरला जातो आणि त्याचे नियम वेगळे, जास्त कडक. मुलीला जाऊन तीन महिने झालेले. म्हणजे नव्या नोकरीत रजा मागून, एक तिकीट जास्तीचं काढून, तिला परत यावं लागलं, कुत्र्याला न्यायला. साहेबाला रजेचं कारण काय सांगितलं विचारलं तर म्हणाली खरं तेच सांगितलं, तो म्हणाला फोटो दाखव.

क्रेटचं मी थोडक्यात सांगते, त्यात फार काही कठीण नाही, फक्त मापं नीट घ्यायची. प्राणी विमानातून नेण्याचे आयाटाचे (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) नियम आहेत, त्यात कुत्र्याला आत उभं राहता, वळता, सरळ आडवं होता आलं पाहिजे. शिंप्याची टेप घेऊन नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घ्यायची, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं मिळवायचं, ती क्रेटची लांबी. गुंड्या टेप दिसली की आडवा व्हायचा आणि पोट दाखवायचा, त्यामुळे एकाने बिस्किट धरायचं आणि दुसऱ्याने मोजायचं. क्रेट महिनाभर आधीच घरात आणून उघडा ठेवा, त्यात झोपायची सवय होऊ द्या. झोपेचं औषध देऊ नका, बऱ्याच एअरलाइन्स गुंगीतलं जनावर घेतच नाहीत आणि ते बरोबरही आहे. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या जातींना तर कितीतरी कंपन्या नाहीच म्हणतात, त्यांचा श्वास आधीच अडकतो, तेव्हा तिकिटाआधी विचारा.

आता शेवटचा कागद. हे सर्टिफिकेट सरकारी डॉक्टरने दिल्यापासून तिकडे पोचून तपासणी होईपर्यंत १० दिवस चालतं, म्हणजे लवकर करून ठेवू ही सोय नाही, आणि उशिरा केलं तर सुधारायला वेळ नाही. आमची फ्लाइट १२ जुलैची, ८ तारखेला बोलावलं. गुंड्याला टेबलावर चढवलं, साहेबांनी स्कॅनर मानेवरून फिरवला. काही नाही. खांद्यांच्या मधून फिरवला. काही नाही. पुन्हा मानेवर. मी मुलीकडे बघत नव्हते, ती माझ्याकडे बघत नव्हती. सहा महिने ज्या नंबराभोवती सगळं बांधलं तोच नंबर सापडेना. साहेब म्हणाले थांबा, सरकते कधी कधी, आणि स्कॅनर हळूहळू डावीकडे खाली आणला, छातीच्या बाजूने, आणि पुढच्या डाव्या पायाच्या कोपराशी आल्यावर तो पीप वाजला. त्या पीपइतका गोड आवाज मी पगाराच्या दिवशीही ऐकला नव्हता. गुंड्या आपला टेबलावरचा कापूस हुंगत होता. (तर अधूनमधून लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना म्हणावं एकदा स्कॅन करून बघा, कुठे आहे ती. फुकट होणारं काम आहे, आणि चिप दिसली नाही तर ते निघायच्या चार दिवस आधी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.)

फॉर्म भरला गेला, कॅपिटल अक्षरांत, छपाईपेक्षा वेगळ्या रंगाच्या शाईने सही, शिक्का. सहीची शाई वेगळी लागते हे फॉर्मवरच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, काळ्या छपाईवर काळं पेन चालत नाही, मूळ सही आहे की झेरॉक्स ते कळावं म्हणून. घरी आलो, झोपायच्या आधी मी मुलीला म्हटलं चल टॅली करू. जुनी सवय. ती चिपच्या दाखल्यावरून तीन-तीन आकडे मोठ्याने वाचत गेली आणि मी सर्टिफिकेटवर बोट ठेवत गेले. चौथ्या गटात अडलं. तिचं ४७१, माझं ४१७. पंधरातले दोन आकडे इकडचे तिकडे. रात्री साडेअकरा वाजता आम्ही दोघी फरशीवर बसून तो कागद बघतोय. खोडून वर लिहिलं तर प्रत्येक खाडाखोडीवर अधिकाऱ्याची सही-शिक्का हवा, आपण हात लावला तर कागद बाद. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी दारात जाऊन उभे राहिलो. साहेबांनी काही न बोलता नवीन फॉर्म भरून दिला, स्वतःच दोनदा तपासला, ह्यासाठी त्यांचे आभार, चूक कोणाच्याही हातून होते. पण ती चूक तिकडच्या विमानतळावर सापडली असती तर कागदावर तो दुसराच कुत्रा होता.

तिकडे काय झालं ते मुलीने फोनवर सांगितलं. उतरल्यावर ती लाल चॅनेलमधून गेली, सांगितलं कुत्रं आहे, एका कस्टम्सच्या बाईने स्कॅनर फिरवला, मुलीने स्वतःच कोपर दाखवलं, नंबर जुळला, लसीची तारीख बघितली, रक्ताचा रिपोर्ट बघितला, आणि जा म्हणाली. पाच मिनिटं लागली असतील. मला थोडं वाईटच वाटलं, एवढं करून ठेवलं होतं तर अजून जरा बघायचं होतं त्या बाईने.

कुत्र्या-मांजरांपलीकडचे पाळीव असतील तर हे सगळं बाजूला ठेवा, त्यांचा पेपरच वेगळा. पोपट नेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवा, बहुतेक पोपट सायटिस ह्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात, हा करार १९७५ पासून लागू आहे, त्याचा परमिट हेल्थ सर्टिफिकेटच्या शिवाय वेगळा लागतो, आणि आफ्रिकन ग्रे तर २०१७ पासून त्यातल्या सगळ्यात कडक यादीत आहे. घरात वीस वर्षं बोलतोय म्हणून त्याला सूट नसते.

आता ह्यात दोष कोणाचा म्हणाल तर मला ऑफिसवाल्यांचा कमीच दिसतो. चूक उघडकीला येते ती ऑफिसात, पण झालेली असते कितीतरी आधी, दवाखान्यात, पिल्लाला पहिली लस देताना. त्या दिवशी डॉक्टरांनी आधी चिप बसवली, तिचा नंबर लसीच्या कार्डावर प्रत्येक पानावर लिहिला, लसीचा स्टिकर, बॅच नंबर आणि कधीपर्यंत चालेल ती तारीख टाकली, तर पुढे कुठल्याही देशात जायचं झालं तरी निम्मं काम तिथेच झालेलं असतं. आणि बूस्टरची तारीख चुकवायची नाही, एक दिवससुद्धा. युरोपच्या बाबतीत एकदा रक्त पास झालं की बूस्टर वेळेवर देत राहिलं तर पुन्हा तपासावं लागत नाही, पण एकदा जरी खंड पडला तरी पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त, पुन्हा ३ महिने. गुंड्याची तारीख ५ मार्च. मुलीच्या फोनमध्ये आहे, माझ्याही फोनमध्ये आहे, आणि माझा फोनवर विश्वास नाही म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लाल पेनाने आहे.

सरकारी ऑफिसांकडे एकच मागणं आहे. सर्टिफिकेटच्या दिवसाआधी एकदा नुसत्या तारखा तपासून देण्याची सोय करा. फी घ्या हवी तर. माणूस तिकीट काढायच्या आधी येईल, त्याची लस, चिप, रक्त ह्यांच्या तारखा एका कागदावर ओळीने मांडून त्याला सांगा की तुमचा प्राणी अमुक तारखेआधी निघू शकत नाही. साहेबांनी ३ मार्चला आमच्यासाठी तेच केलं, पेनाचं टोक दोन तारखांवर ठेवून, दोन मिनिटांत. तेच जानेवारीत झालं असतं तर मुलीने जॉइनिंगची तारीखच पुढची मागितली असती. माझ्यासमोर त्या बाकावर एक जोडपं बसलं होतं, आठ दिवसांनी फ्लाइट, घर रिकामं केलेलं, सामान जहाजाने गेलेलं, आणि मांजराचं रक्तच काढलेलं नव्हतं. मांजर बास्केटमध्ये त्यांच्या पायाशी. ते कोणाकडे ठेवायचं ह्यावर दोघं हळू आवाजात बोलत होते आणि कोणाचंच नाव ठरत नव्हतं. असली जनावरं मग नातेवाइकांकडे, नाहीतर शेल्टरमध्ये, नाहीतर सोडून दिलेली सापडतात, आणि लोक म्हणतात काय निर्दय माणसं. निर्दय नसतात हो सगळी. महिनाभर पुरतो असं कुठेतरी वाचलेलं असतं त्यांनी.

आणि तुमच्याकडे मागणं हे की ती पुरवणी लोक कापून ठेवतात, मीही ठेवते, त्यामुळे उद्या-परवाच्या अंकात आतल्या पानावर कोपऱ्यात का होईना, चूकभूल म्हणून दोन ओळी छापा, की रविवारच्या लेखात ‘महिनाभर आधी’ असं जे छापलंय तिथे ‘निदान सात महिने आधी, आणि आधी चिप मग लस’ असं वाचावं.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
गुंड्याची आजी